नाव विचारलं नाही, म्हणजे निनावी झालं का?

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांची एक खानावळ आहे. गल्ल्याशेजारी अभिप्रायाची वही ठेवलेली असते, पेन सुतळीने बांधलेलं. परवा जेवून निघताना ती चाळली. पानामागून पान तेच: "जेवण छान", "घरची आठवण आली", "काका, एकच नंबर". बाहेर कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला थांबले, तर तीच मुलं पाण्यासारख्या डाळीबद्दल आणि आठवड्यात चौथ्यांदा आलेल्या बटाट्याबद्दल बोलत होती.

मुलं खोटारडी नाहीत. वही काकांच्या डोळ्यांसमोर उघडी असते, नाव आणि गाव लिहायला रकाने आखलेले असतात, आणि घरून पैसे यायला उशीर झाला तर महिनाभर सांभाळून घेणारेही काकाच. अशा वहीत "डाळ पातळ असते" असं लिहायला हात धजत नाही.

मराठीत याला नेमका शब्द आहे, भीड. भीती निराळी. भीती नुकसानीची असते: पगारवाढ अडेल, मार्क कमी पडतील, सोसायटीत पाणी बंद करतील. भीड समोरच्याच्या चेहऱ्याची असते. खरं बोलून काहीही बिघडणार नसलं तरी माणूस भिडेपोटी "चांगलंय की" म्हणतो. अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांकडे विद्यापीठाच्या दप्तरातले खरे गुण होते, त्यामुळे कोण काय लपवतंय ते ताडून पाहता येत होतं. फोनवर माणूस प्रश्न विचारत होता तेव्हा लोकांनी आपले कमी गुण जास्त दडवले. तेच प्रश्न संगणकावर एकट्याने वाचून भरताना कमी दडवले. फोनवरचा माणूस त्यांच्या ओळखीचाही नव्हता. नुसता एक आवाज पलीकडे असला, तरी भीड पडते.

म्हणून आपण निनावी सर्वेक्षण घेतो. आणि इथेच बहुतेक जण एक चूक करतात, जी मीही केली आहे. नावाचा रकाना काढून टाकला की झालं निनावी, असं आपण धरून चालतो.

मी गेली बारा वर्षं पुण्यात आणि आसपास कारखाने, शाळा, सोसायट्या यांच्यासाठी सर्वेक्षणं करते. सुरुवातीच्या काळात भोसरीच्या एका कारखान्यातल्या कार्यालयाचं काम आलं होतं. ४२ माणसं. फॉर्मवर नाव नव्हतं, ईमेल नव्हता, आणि मी स्वतः सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं होतं की निर्धास्त लिहा. लोकांनी लिहिलंही. लोकांचे शब्द बदलायचे नाहीत असा तेव्हा माझा आग्रह होता, म्हणून शेवटच्या मोकळ्या प्रश्नाची उत्तरं मी जशीच्या तशी अहवालात घातली. बैठकीत ती पडद्यावर आली. त्यातलं एक वाक्य असं होतं: "साहेब फक्त सांगून राहिले, ऐकून कोणी नाही राहिलं."

दोन क्षण कुणी बोललं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "हा तर आपला अकोल्याचा पठ्ठ्या!" सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्या विभागात वऱ्हाडातला तो एकच मुलगा होता.

चार महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. जाण्याआधी त्याचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता. "ताई, तुम्ही म्हणाल्या होत्या नाव येणार नाही म्हणून. नाव तर नाहीच आलं." त्या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पुढे जे शिकले ते बरंचसं त्याच्यामुळे.

वचन आणि व्यवस्था

"निनावी" आणि "गोपनीय" हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांत मोठं अंतर आहे. गोपनीय म्हणजे कुणी लिहिलं हे मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. निनावी म्हणजे मला स्वतःलाही माहीत नाही, आणि शोधायचं ठरवलं तरी सापडणार नाही. पहिलं वचनावर चालतं, दुसरं व्यवस्थेवर.

नुसत्या वचनावर विसंबणं किती महागात पडू शकतं, हे आपल्या देशाने पाहिलं आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातल्या गैरव्यवहाराबद्दल २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती केली. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. तो लुटीच्या प्रयत्नात झाला असं तपासातून पुढे मांडलं गेलं, २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली. पण नाव फुटलं होतं ही गोष्ट कागदोपत्री होती आणि देशभर त्याबद्दल संताप उसळला. त्यानंतर २००४ मध्ये केंद्र सरकारने तक्रारदाराची ओळख जपणारा ठराव काढला. त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. तक्रार बंद पाकिटात केंद्रीय दक्षता आयोगाकडे पाठवायची, पाकिटावर आपलं नाव-पत्ता घालायचा नाही, नाव फक्त आतल्या कागदावर. निनावी पत्राची तिथे दखलच घेतली जात नाही. म्हणजे ही व्यवस्था गोपनीय आहे, पण ते गुपित कुणाच्या हाती असेल आणि वाटेत कुणाला दिसणार नाही, हे आधीच ठरवलेलं आहे.

तुमच्या कार्यालयात येणारं सर्वेक्षण यांपैकी कुठलं, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. "आपण अजून फॉर्म भरलेला नाही" असं स्मरणपत्र तुम्हाला एकट्याला आलं, तर समजा की प्रत्येकाला वेगळी लिंक दिलेली आहे आणि कोणी भरला, कोणी नाही, याची नोंद कुठेतरी होते आहे. यात लबाडी असेलच असं नाही. पण ते गोपनीय आहे, निनावी नाही, आणि फॉर्मच्या डोक्यावर "निनावी" असं छापलं असेल तर ते चुकीचं आहे.

चौकोनांचा हिशेब

आता त्या ४२ माणसांच्या फॉर्मकडे परत या. नाव नव्हतं, पण वर चार साधे प्रश्न होते. विभाग: ५ पर्याय. स्त्री की पुरुष: २. वयोगट: ४. नोकरीची वर्षं: ३. या सगळ्यांचा गुणाकार करा. ५ × २ × ४ × ३ = १२०. उत्तरांच्या प्रत्येक जुळणीला तक्त्यात एक चौकोन धरा. माणसं ४२ आणि चौकोन १२०! बहुतेक चौकोन रिकामे राहणार आणि भरलेल्या बऱ्याच चौकोनांत एकेकटा माणूस बसणार. "लेखा विभाग, स्त्री, पन्नाशीच्या पुढे, दहा वर्षांहून जास्त नोकरी" हे लिहिलं की नाव लिहायचं काही उरतच नाही. अख्खं कार्यालय त्यांना नावाने नाही, मावशी म्हणून ओळखतं.

हा प्रकार लाखोंच्या आकड्यांतही चालतो, हे लटान्या स्वीनी यांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिलं. तेव्हा त्या अमेरिकेतल्या एमआयटीत शिकत होत्या. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी दिल्या होत्या आणि त्या सुरक्षित असल्याची ग्वाही खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली होती. स्वीनींनी २० डॉलर देऊन, वेल्ड राहत होते त्या केंब्रिज शहराची मतदार यादी घेतली. गव्हर्नरांच्या जन्मतारखेचे शहरात ६ जण होते, त्यांतले पुरुष ३, आणि त्यांच्या पिन कोडमध्ये राहणारा एकच. वेल्ड यांच्या उपचारांची नोंद सापडली. पुढे स्वीनींनी जनगणनेच्या आकड्यांवरून हिशेब मांडला, की जन्मतारीख, लिंग आणि पिन कोड या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेवाद्वितीय ठरतात. आपल्याकडे सोसायटीच्या किंवा क्लासच्या फॉर्मवर नेमक्या याच तीन गोष्टी सवयीने विचारलेल्या असतात. का विचारल्या म्हणून पुसलं, तर "फॉर्मॅटमध्ये होत्या" असं उत्तर मिळतं.

यावर एक उपाय बरेच जण करतात. पाचपेक्षा कमी लोकांच्या गटाचा आकडा दाखवायचा नाही. उपाय चांगला आहे, पण वजाबाकीसमोर तो उघडा पडतो. समजा एका विभागात सहा जण आहेत, पाच पुरुष आणि एक बाई. पाचपैकी गुण द्यायचे होते. अहवालात लिहिलं, विभागाची सरासरी ३.५. शेजारच्या तक्त्यात लिहिलं, त्या विभागातल्या पुरुषांची सरासरी ३.८. बाईंचा आकडा नियमाप्रमाणे झाकला. आता सहा गुणिले ३.५ म्हणजे २१, पाच गुणिले ३.८ म्हणजे १९. बाईंनी २ गुण दिले! झाकलेलं चौथीतल्या मुलाला उघडता आलं. म्हणून एक चौकोन झाकला की त्याच्या शेजारचा आणखी एक झाकावा लागतो, नाहीतर मुळात ती फोडच करायची नाही. मी आता दुसरा मार्ग धरते. पन्नासच्या आतल्या संस्थेत विभाग सोडून काही विचारत नाही, आणि विभागही लहान असतील तर तेही नाही.

माणूस लपला तरी गट उघडा पडू शकतो, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गावोगाव हिशेब चालू होतो, कुठल्या बूथवर कुणाला किती पडली. मत गुप्त असतं, पण एका मतदान यंत्रात एका केंद्राची मतं असतात आणि निकालपत्रात ती केंद्रवार छापली जातात. केंद्र म्हणजे एखादी वस्ती असेल, तर त्या वस्तीने काय केलं ते उघड होतं. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिकांची सरमिसळ करायची तरतूद नियमांत होती. यंत्रांसाठी तशी सोय व्हावी, १४ पर्यंत यंत्रांची मतं एकत्र मोजणारं उपकरण वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. तो अमलात आलेला नाही. कार्यालयातही हेच होतं. नऊ जणांच्या टीमचा आकडा खाली आला की साहेब कुणा एकाला धरत नाहीत, सगळ्या टीमला धरतात.

नाण्याची युक्ती

या सगळ्या शास्त्रातली मला सर्वांत आवडणारी कल्पना १९६५ मधली आहे. स्टॅनली वॉर्नर या संशोधकाने विचार केला, की उत्तर लपवण्यापेक्षा उत्तरातच गोंधळ मिसळला तर? त्यांची मूळ मांडणी जरा निराळी होती. मी तिचं वर्गात समजेल असं रूप सांगते.

एका महाविद्यालयात २०० मुलांना विचारायचं आहे: "गेल्या परीक्षेत कॉपी केलीस का?" सरळ विचारलं तर "हो" म्हणणारा विरळा. म्हणून प्रत्येकाने खिशातलं नाणं काढायचं, कुणाला न दाखवता उडवायचं. छापा पडला तर खरं उत्तर द्यायचं. काटा पडला तर प्रश्न विसरायचा, नाणं पुन्हा उडवायचं आणि आता छापा पडला तर "हो", काटा पडला तर "नाही" लिहायचं, कॉपी केलेली असो वा नसो.

आता एखाद्याच्या कागदावर "हो" दिसलं, तर त्यावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. त्याने कॉपी केली असेल किंवा नुसतं नाणं तसं पडलं असेल. त्याचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर नावासकट ठेवला तरी त्याला धक्का लागत नाही. आणि तरीही सगळ्या वर्गाचं उत्तर निघतं. २०० पैकी साधारण १०० जणांनी खरं लिहिलं. उरलेल्या १०० जणांनी नाण्याचं ऐकलं, त्यांत "हो" सुमारे ५०. एकूण ८० "हो" आले असतील, तर ५० नाण्याचे, ३० खरे. १०० खऱ्या उत्तरांत ३०, म्हणजे सुमारे ३० टक्के.

मात्र ही सुरक्षा फुकट मिळत नाही. नाणी काही ठरवून बरोबर निम्मी पडत नाहीत. २०० मुलांच्या या हिशेबात ३० टक्के आले तर खरा आकडा १६ ते ४४ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. कुणीही खोटं बोलणार नाही अशी खात्री असती आणि थेट विचारलं असतं, तर तीच पट्टी साधारण निम्मी असती. वीस जणांच्या कार्यालयात नाण्याचा काही उपयोग नाही. शिवाय लोकांना युक्ती समजली पाहिजे. मी एकदा पालकांच्या सभेत ती वापरली आणि अर्ध्या वेळात "मॅडम, काटा पडला तर खोटं लिहायचं का?" याचंच उत्तर देत राहिले. मोठ्या संख्येत मात्र ही कल्पना फार चालते. गूगलने २०१४ मध्ये क्रोम ब्राउझरमधून माहिती गोळा करताना याच तत्त्वावरची पद्धत वापरली. तिथे नाणं संगणक उडवतो.

लहान जागी काय करायचं

पुण्यातली बहुतेक सर्वेक्षणं गूगल फॉर्मवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर होतात. तिथल्या दोन गोष्टी सांगते, कारण त्या रोज दिसतात. फॉर्ममध्ये ईमेल गोळा करायची सोय बंद केली, तरी उत्तरांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीसमोर वेळ पडते, अगदी सेकंदासकट. आणि आपल्या लोकांना फॉर्म भरला की ग्रुपवर "भरला सर" लिहायची सवय. तक्त्यात १०:४१, ग्रुपवर १०:४२. जुळवाजुळव करायला हेर लागत नाही. म्हणून "भरल्यावर कळवू नका" हे फॉर्मच्या आधी सांगायचं, आणि तक्ता कुणाला देण्याआधी वेळेचा रकाना काढून ओळींचा क्रम मोडायचा. दुसरं, एका माणसाने एकदाच भरावं म्हणून लॉगिनची अट घातली, की फॉर्मच्या वरच्या बाजूला भरणाऱ्याला स्वतःचाच ईमेल दिसतो. ईमेल पुढे जाणार नसला तरी तो बघूनच माणूस सावध होतो आणि सगळीकडे चार-चार गुण देऊन मोकळा होतो. एखाद्याने दोनदा भरलं तर भरू दे. भ्यालेल्या उत्तरांपेक्षा ते परवडलं.

कारखान्यातल्या कामगारांसाठी मी अजूनही कागद वापरते. सुपरवायझरच्या टॅबवर, सुपरवायझर शेजारी उभा असताना भरलेलं उत्तर कितीही निनावी असलं तरी त्यात एकांत नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारतात आणि तिला एकटीला गाठता आलं नाही तर ते प्रश्न सोडून देतात. माझ्या कामातही तोच नियम. कागदावर फक्त खुणा करायच्या, म्हणजे अक्षर ओळखू येत नाही. पेटी कॅन्टीनच्या दारात नाही, पाणी प्यायच्या जागी आडोशाला. उघडताना कामगारांतलेच दोघे हजर. कागद त्यांच्याच हातांनी पिसायचे.

आणि मोकळ्या उत्तरांचं? अकोल्याच्या त्या मुलानंतर मी एकही वाक्य जसंच्या तसं छापलेलं नाही. "करून राहिलो", "गेलतो", "बोल्लो", कुठल्याही मराठी माणसाला तालुका ओळखायला एवढं पुरतं. मी सगळ्या तक्रारी माझ्या शब्दांत, एका सपाट भाषेत लिहून काढते. यात काहीतरी जातं, हे मला मान्य आहे. त्याच्या वाक्यात जी धार होती ती "वरिष्ठ ऐकून घेत नाहीत, असं सात जणांना वाटतं" यात नाही. तपशीलही गाळावे लागतात, आणि तपशिलाशिवाय तक्रार दूर करणं अवघड जातं. नेमकेपणा हवा की सुरक्षितता, हा पेच दर वेळी येतो, आणि दर वेळी मी सुरक्षिततेकडे झुकते.

एवढं सगळं करूनही लोक खरं लिहीत नाहीत, असं कधी कधी होतं. तेव्हा कारण भीड नसतं आणि भीतीही नसते. "लिहून काय होणार?" हे कारण असतं, आणि त्यावर निनावीपणाचं औषध लागू पडत नाही. एका शाळेत पालकांनी तीन वर्षं सलग मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल लिहिलं होतं. चौथ्या वर्षी त्या प्रश्नावर आठच उत्तरं आली आणि संस्थेला वाटलं तक्रार संपली. मी तिथे एवढंच सुचवलं, की या वर्षी नवीन सर्वेक्षण नको. गेल्या वर्षीच्या उत्तरांतल्या कुठल्या तीन गोष्टी करणार, कुठल्या करू शकणार नाही आणि का, हे फळ्यावर लिहा. सप्टेंबरात दारांना कड्या बसल्या. पुढच्या वर्षी त्याच प्रश्नावर दीडशेच्या वर उत्तरं आली, आणि ती गोड नव्हती.

एका गोष्टीसाठी मात्र निनावी सर्वेक्षण वापरू नये. चाकणच्या एका युनिटमध्ये पेटी उघडली तेव्हा खुणांच्या कागदामागे पेन्सिलने चार ओळी लिहिलेल्या निघाल्या. रात्रपाळीला एक जण आपल्याला कसा त्रास देतो, हे एका बाईने लिहिलं होतं. कोण, कुठे, कुठल्या लाइनवर, काही नाही. तिला शोधायचं तर आम्ही दिलेला शब्द मोडतो. न शोधायचं तर ती तिथेच रात्रपाळीला उभी राहते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, तिच्यात संस्थेबाहेरची एक व्यक्ती असते, आणि तक्रार बाईने स्वतः लेखी, साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. पेटीतली चिठ्ठी तिथे चालत नाही.

त्या दिवशी मी व्यवस्थापनाला चिठ्ठी दाखवली नाही. रात्रपाळीला महिला सुपरवायझर द्या आणि तिन्ही पाळ्यांच्या बायकांना समितीची माहिती त्यांच्या भाषेत सांगा, एवढंच मांडलं, आणि ते झालं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फॉर्मच्या शेवटी, खुणांच्या रकान्यांखाली, समितीतल्या बाहेरच्या सदस्य बाईंचा फोन नंबर असतो. कागदाचा तेवढा तुकडा फाडून नेता यावा म्हणून त्याच्यावर तुटक रेघ मारलेली असते. पेटी उघडताना मी आधी हे बघते, की किती कागदांचा खालचा तुकडा फाडलेला आहे.